नेसरीच्या पार्वतीबाईंनी माझ्यासाठी मागितलं

चर्चमध्ये उभं राहून देवाची साक्ष देणाऱ्या माणसाचा विश्वास भक्कम असतो, असं मला पूर्वी वाटायचं. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, त्या दिवसांत माझा विश्वास पार आटला होता. माझे यजमान दोन वर्षं डायलिसिसवर होते. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चची सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. पाळकसाहेब घरी येऊन गुडघे टेकायचे. मी तर उपास धरून मागत होते. तरी ते गेले. शेवटपर्यंत शांत होते, कुरकुर नाही. कुरकुर माझ्यात उरली.

दवाखान्याच्या चकरा मारताना यांच्या लक्षात आलं होतं, की खेड्यापाड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक दिवसदिवस वडापाववर काढतात. म्हणून यांनी मंडळीतल्या बायकांना सांगून दर बुधवारी दुपारी भाकरी, पिठलं आणि मऊ भात न्यायची सेवा सुरू केली होती. जेवण झालं की ज्याला हवं त्याच्याजवळ बसून प्रार्थना करायची. यांच्यामागे ती सेवा माझ्याकडे आली. मी पाळकीणबाईंना सांगितलं, "मला आता प्रार्थना जमत नाही. तोंड उघडलं की राग येतो. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

त्या म्हणाल्या, "बोलू नकोस मग. भाकऱ्या तरी थापशील की नाही?"

भाकऱ्या थापायला विश्वास लागत नाही, असं मनात म्हणून मी हो म्हटलं. चार महिने तसेच गेले. इतर बहिणी प्रार्थना करायच्या, तेव्हा मी डबे धुवायला नळावर जायची. उपासनेतही शेवटच्या बाकावर बसायची. गीताचं पुस्तक हातात उघडं असायचं आणि ओठ मिटलेले. हे ढोंग आहे, असं दर रविवारी वाटायचं. तरी जात राहिले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

एका बुधवारी बरोबरच्या दोघी तापाने पडल्या. मी एकटीच रिक्षाने डबे घेऊन गेले. वाढून झालं आणि निघणार, तोच अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एका बाईंनी माझा पदर धरला. साठीच्या असतील. हिरवं लुगडं, पायात वहाण नाही. नाव पार्वतीबाई, गाव नेसरीजवळचं. उसाची ट्रॉली उलटून त्यांचे मालक खाली सापडले होते. दहा दिवस झाले, शुद्ध नव्हती.

"बाई, तुमी प्रार्थनावाल्या न्हवं? मागल्या बुधवारी बघितलंया मी. आमच्या मालकासाठी म्हना की."

खोटे दोन शब्द बोलून सुटता आलं असतं. पण त्या बाईंच्या डोळ्यांकडे बघून ते धाडस झालं नाही. मी म्हटलं, "मावशी, माझे मालक चार महिन्यांपूर्वी गेले. मी खूप मागितलं होतं. आता माझ्याकडे शब्दच नाहीत."

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी सरकून जागा केली.

"बसा हितं. एवढं काळीज जळतंय आन् लोकास्नी जेवू घालत फिरताय व्हय? आज मी मागीन तुमच्यासाठी."

त्यांनी डोक्यावर पदर घेतला. माझ्या हातावर आपला खरखरीत हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तसं मोठ्यानं बोलल्या, "ह्या बाईच्या देवा, तुजी माजी वळख न्हाय. पर ही तुज्या नावानं भाकरी घिऊन येती आन् आतनं उपाशी हाय. तिला सांभाळ. माज्या मालकाचं मागनं बघ."

मालकाचं मागनं बघ, म्हणजे नंतर बघ! ज्यांचा माणूस आत मरणाशी झुंजत होता, त्या माझी पाळी आधी लावत होत्या. मी त्या बाकावर लोकांदेखत रडले. आणि रडता रडता केव्हा तरी माझ्या तोंडून "प्रभू येशू, यांच्या मालकाला..." एवढं निघालं. पुढे काय बोलले, ते आठवत नाही. आवाज मात्र माझाच होता.

पार्वतीबाईंचे मालक वाचले. तीन आठवड्यांनी काठी टेकत घरी गेले. त्यांना जीवदान मिळालं आणि माझ्या माणसाला का नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पूर्वी त्या उत्तरासाठी मी देवाशी भांडायची. आता तो प्रश्न त्याच्याच हाती देऊन ठेवला आहे. कधीकधी परत मागून घेते, पुन्हा देते. सोपवणं एकदाच करून भागत नाही, रोज करावं लागतं.

इतके दिवस मला वाटायचं, आम्ही प्रभूला दवाखान्यात घेऊन जातो. तो तर आमच्या आधीच तिथे होता, आणि त्याला न ओळखणाऱ्या बाईच्या तोंडून माझी विचारपूस करत होता. त्याचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, आजाऱ्यांसाठी कोण प्रार्थना करेल. मी शेवटच्या बाकावरून उठले.