शेवंतीचं बाळंतपण

घाटकोपरच्या भटवाडीत डोंगराच्या अंगावर ज्या चाळी चढत गेल्या आहेत, त्यातल्या एका चाळीत अंजनाबाई राहायच्या. त्या चाळीतली निम्मी पोरं आधी त्यांच्या हातावर आली आणि मग आईच्या कुशीत गेली, असं त्या स्वतःच सांगायच्या. बाई बढाईखोर होत्या हे खरं. पण आडवं आलेलं मूल पोटावर हात फिरवून सरळ करणाऱ्या बाईने बढाई मारायची नाही, तर मग ती मारायची कुणी?

ऐंशी साल उलटलं तशा चाळीतल्या पोरी बाळंतपणाला प्रसूतिगृहात जाऊ लागल्या. अंजनाबाईंकडे उरलं ते पुढचं काम. बाळाची आंघोळ, बाळंतिणीला तेल आणि शेक. त्यांची लोखंडी शेगडी घरोघर फिरायची. निखारे फुलवायचे, वर ओवा टाकायचा, खाटेखाली सरकवायची, दार-खिडकी गच्च लावायची. बाळंतिणीचा वैरी एकच, तो म्हणजे वारा, ही त्यांची गाठीला बांधलेली विद्या. ती त्यांना सासूने दिली होती आणि सासूला तिच्या आईने, पार मालवणापासून.

नवरा दत्ताराम कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला, चिघळला, गिरणीचं फाटक त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, आणि दत्ताराम बोलायचा थांबला. दारू नाही, भांडण नाही, नुसतं बोलणं बंद. विचारलं तर ‘व्हय’, नाहीतर ‘नाय’. पुढे साकीनाक्याला रखवालदाराची रात्रपाळी मिळाली; दिवसा घरी असायचा, पण भिंतीकडे तोंड करून. अंजनाबाई त्याच्या वाटचंही बोलायच्या, तरी घर काही भरायचं नाही.

मुलगी सुलक्षणा कांदिवलीला दिलेली. बापाची ही तऱ्हा तिला बघवेना. एकदा येताना ती पिशवीत पामेरियनचं पांढरंशुभ्र पिल्लू घालून घेऊन आली. अंजनाबाई कडाडल्या, “माणसांका रवाक जागा नाय, ह्यां कित्याक?” तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, “खंयसून इलंस गो तू?” दत्ताराम पिल्लाला विचारत होता. अंजनाबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली. किती महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं होतं.

पिल्लाचं नाव त्यानेच ठेवलं, शेवंती. ती मोठी होत गेली तसा तो तिच्याशी गिरणीतलं बोलायचा, साच्याचं, तुटलेल्या धाग्यांचं, गावच्या माडांचं. बायकोशी अजूनही ‘व्हय’ आणि ‘नाय’. अंजनाबाईंना कुत्रीचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगा. पण चुलीपाशी बसून त्या सगळं ऐकायच्या. त्यांना नवरा ऐकू येत होता, मग तो कुणाशी का बोलेना.

आणि एक दिवस तो चक्क त्यांच्याकडे वळून म्हणाला, “हिका एकदा पिल्लां होऊक व्हयी.”

काहीतरी हवंय असं तो म्हणाला होता. अंजनाबाईंनी पदर खोचला.

मुलुंडला भाऊराव म्हणून पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांच्याकडे त्याच जातीचा नर होता. त्यांनी रीत सांगितली. पहिल्या माजावर लावायची नाही, अंग भरू द्यायचं. आधी जंताचं औषध द्यायचं. माजावर आली की लगेच धावत यायचं नाही, रक्त फिकं पडू लागलं की मगच आणायची. आणि मादीनेच नराकडे यायचं, परक्या घरात नर बुजतो. पैसा घेणार नाही, पण पिल्लांतलं पहिलं निवडून मी नेणार. अंजनाबाईंनी सगळं ऐकलं, आणि जायच्या दिवशी शेवंतीच्या मागचे केस कापून, तिला विंचरून, कानामागे काजळाची तीट लावून, वर नारळ-साखर घेऊन निघाल्या. शेजारची जानकी दारातून म्हणाली, “मावशी, मानपान नीट घ्या हां, नायतर व्याही फसवतील.” मुलुंडला जोड लागली तेव्हा भाऊराव म्हणाले, आपोआप सुटेपर्यंत कुणी हात लावू नका. दत्ताराम लाजून कॅलेंडर वाचत बसला. येताना रिक्षात मात्र त्याने शेवंतीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

ती गाभण राहिली. अंजनाबाईंनी तिचे डोहाळे पुरवले. काटे काढलेला बांगडा, मऊ भात, सकाळची पेज. चहाचं लाकडी खोकं आणून त्यात आपलं धुवट लुगडं अंथरलं आणि ते मोरीपासून लांब, चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. शेवंतीने खाणं सोडलं आणि लुगडं उकरायला लागली, तेव्हा त्या जानकीला म्हणाल्या, “आज मोकळी होतली.” आणि दुपार व्हायच्या आत झाली. तीन पिल्लं तिची तिने सोडवली. चौथं निपचित आलं. अंजनाबाईंनी पातळ पडदा फाडला, तोंडातला चिकटा बोटाने काढला आणि टॉवेलात धरून पाठ चोळत राहिल्या. दत्ताराम वाकून बघत होता. पिल्लू चिरकलं. “तुझ्या हाताक गुण आसा गो,” तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं हे बोलणं त्यांना मंगळसूत्राहून जड वाटलं. त्या उठून मोरीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारून आल्या.

इथेच गोष्ट संपवता आली असती तर किती बरं झालं असतं.

अंजनाबाईंनी बाळंतिणीचं सगळं केलं. अळिवाची खीर घातली, दूध भरभरून उतरलं. पिल्लं ओढून ओढून टमटमीत झाली. आणि त्या लुचणाऱ्या पिल्लांखाली इवलीशी शेवंती आतून रिती होत चालली होती, हे कुणाला दिसावं? एका सकाळी ती पिल्लांपाशी थांबेना. उठायची, फिरायची, जीभ काढून धापा टाकायची. पाय काठीसारखे ताठ टाकायची. मग कापायला लागली.

“वारो लागलो तिका,” अंजनाबाई म्हणाल्या.

त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. उभ्या आयुष्यात कापणारी बाळंतीण त्यांनी कितीदा बघितली होती आणि कितीदा शेकून उठवली होती. त्यांनी शेगडी पेटवली, ओव्याची धुरी केली, शेवंतीवर गोधडी घातली, खिडकी लावली, दाराच्या फटीला पोतं लावलं. दत्ताराम कामावरून येऊन नुकता आडवा झाला होता, तो उठून आला. त्याने गोधडीखाली हात घातला.

“आंग कसा भाजता बघ गो. डाक्टराक दाखवया?”

“बाळंतपणाचा माका कोणी शिकवूचा नाय,” अंजनाबाई म्हणाल्या. “घाम इलो की उतरात.”

त्या घरात एवढं एक खातं त्यांचं होतं, आणि दत्ताराम त्यात कधी पडला नव्हता. चौथं पिल्लू तर त्याच्या डोळ्यांसमोर जिवंत झालं होतं. तो खोक्यापाशी बसून राहिला, तिचं डोकं हातात धरून. अंजनाबाईंनी निखारे आणखी फुलवले. कुत्र्याला घाम येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दुपारी शेवंतीला आचके सुरू झाले. मान मागे वळली, तोंडाला फेस आला. दत्तारामने तिला गोधडीसकट उचललं आणि कुणाला न विचारता बाहेर पडला. चप्पलसुद्धा घातली नाही. स्टेशनाकडे जनावरांचा दवाखाना होता, रिक्षाने गेला. अंजनाबाई पिल्लं पदरात घेऊन दारात बसल्या. शेगडी तशीच धगधगत होती.

तो परत आला तो चालत. गोधडी तशीच हातात, पण आता तिच्यातलं काहीच हलत नव्हतं. शेवंतीला त्याने खोक्याजवळ ठेवलं आणि बायकोकडे न बघता बोलू लागला. “डाक्टर म्हणालो, तिचा काळीजच कमजोर होता. जन्मापासूनच. अशी कुत्री वाचणत नाय म्हणालो. कोणी काय केला आसता तरी तां जावचाच होता. कोणाच्या हातात नव्हता. तुझ्याय नाय नि माझ्याय नाय.”

हा माणूस अंजनाबाईंशी सलग एवढं कधी बोलला होता? संपाआधीसुद्धा नाही. कुत्रीशी बोलायचा तसं आज तो बायकोशी बोलला, आणि एवढं बोलला म्हणूनच त्यातला शब्द न् शब्द खोटा आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

पिल्लं भुकेने रडत होती. कापसाचा बोळा दुधात बुडवून त्या एकेकाच्या तोंडात पिळत राहिल्या. तिघांनी तग धरला. चौथं, ज्याला त्यांनी चोळून जगवलं होतं, ते मलूल पडलं होतं. दत्ताराम झोपलेला बघून त्या ते घेऊन स्टेशनाकडच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण मुलगा होता. पिल्लू तपासताना त्यांनी विचारलं, “त्या दिवशी गोधडीत घालून आणलली, ती याची आई. कशान गेली ती?”

“काकांना सांगितलं होतं मी,” तो म्हणाला. “दुधावाटे अंगातलं कॅल्शियम संपतं. लहान जातीत होतं असं. मग आचके येतात, अंग तापतं. सकाळी आणली असती तर एका इंजेक्शनने उठून बसली असती.” आणि मग, वाईट हेतूने नव्हे, समजावं म्हणून म्हणाला, “काकांनी सांगितलं मला. शेगडी नको होती, मावशी. तिला गार करायला हवं होतं.”

अंजनाबाई ‘बरं’ म्हणाल्या. पिल्लू पदराखाली घेऊन चढण चढल्या. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तो खोटं बोलला हे आपल्याला कळलंय, हे त्यांनी त्याला कळू दिलं नाही. जानकीची सून बाळंत होऊन घरी आली, तिला शेक द्यायला बोलावणं आलं. अंजनाबाई म्हणाल्या, माझे हात दुखतत. हात दुखत नव्हते. ते त्यांना नकोसे झाले होते.

पिल्लांचे डोळे उघडून ती धावायला लागली, तेव्हा ठरल्याप्रमाणे भाऊराव आले. चहा झाला. त्यांनी हळहळून विचारलं, “एवढी धडधाकट होती हो. झालं तरी काय?”

“काळीज कमजोर होता तिचा,” दत्ताराम घाईने म्हणाला.

“नाय,” अंजनाबाई म्हणाल्या. कप खाली ठेवला. “मी शेकून मारलंय तिका. वारो लागलो समजलंय आणि शेगडी लावलंय. हे डाक्टराक दाखवया म्हणी होते. मी ऐकूक नाय.”

भाऊराव उठले. त्यांनी हाताला लागलं ते पिल्लू उचललं, “येतो,” म्हणाले आणि गेले. नेमकं चौथंच पिल्लू गेलं.

जेवायची वेळ झाली. अंजनाबाईंनी पाट मांडला, आणि मग इतके दिवस आवळून धरलेलं विचारलं, “तुमी माझ्याकडे खोटा कित्याक बोललात? मारलात आसतात तरी चालला आसता माका.”

दत्ताराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, “माका रोज तुझ्याच हातचा जेवचा आसा गो.”

अंजनाबाईंनी भात वाढला, वर कढी घातली आणि ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं. दत्ताराम वळून पाटावर बसला. भात कालवला, घास केला. तो घास हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, आणि अंजनाबाई समोर बसून त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.