फक्कीच्या घराचं दार

आमचं नगरचं घर दगडाचं होण्याआधी दोन वर्षं चुन्याच्या फक्कीचं होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्या घरातच जास्त सुखाने राहिले.

महायुद्धाचे दिवस होते. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. जकात नाक्याच्या थोडं आत त्यांनी जागेचा एक तुकडा घेतला होता. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं तिथे जायचो: दादा, आई, आत्या आणि मी. दादा दोरी ताणायचे आणि डब्यातली चुन्याची फक्की सोडत जमिनीवर घर आखायचे. हा ओटा, हे स्वयंपाकघर, ही मधली खोली आणि ही अक्काची. अक्का म्हणजे माझी आत्या, त्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती परत आली होती आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, दोरीवर टाकलेल्या लुगड्याच्या आडोशाला राहत होती. कपडे बदलणं तिथे, जप तिथे, रडणंही तिथेच. तिला तिची खोली द्यायचीच, हे दादांनी मनाशी पक्कं केलं होतं.

फक्कीच्या घरात आईचा कायदा कडक होता. भिंतीतून कोणी यायचं नाही. दारातूनच यायचं, चपला बाहेर काढायच्या. एकदा एक कुत्रं थेट स्वयंपाकघराची भिंत ओलांडून आत आलं, तर आई संध्याकाळभर धुसफुसत होती. ऊन उतरलं की त्या रेघा निळसर दिसू लागायच्या. मी मधल्या खोलीत चटईवर पडून आभाळ बघायची. एकोणीस वर्षांची होते, नुकती शिक्षिका झाले होते, आणि घराला छप्पर कशाला हवं, असं मला मनापासून वाटायचं.

दादांना तसं वाटून चालणार नव्हतं. दगड आणि चुना नाक्याच्या आतच मिळायचा, त्याची काळजी नव्हती. लाकूड आणि कौलं मात्र नाक्यातून यायची. ब्रह्मदेशचं सागवान बंद झालं होतं, देशी लाकडाचे भाव चढले होते, आणि जकात बसायची किमतीवर. भाव चढला की मागोमाग जकातही चढे. दादांचे एक सोबती नाक्यापलीकडे बांधत होते. त्यांना जकात नव्हती, पण नळही नव्हता, आणि आई नळ सोडायला तयार नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लढाई संपली की स्वस्ताई येईल, तोवर थांबू, असा दादांनी बेत केला. लढाई संपली. नाक्यावरच्या फळ्यावर आणखी चढे दर लागले.

दादा तो फळा पंचांगासारखा वाचायचे आणि मग जागेवर येऊन पायाने एखादी रेघ पुसायचे. आधी ओटा गेला. मग माझी मधली खोली निम्मी झाली. आत्याच्या खोलीला त्यांनी पाय लावला नाही.

त्यातल्याच एका संध्याकाळी मी नळावरून पाणी घेऊन येत होते. आत्या तिच्या खोलीत एकटी उभी होती. तिने हात पुढे केला, हवेतच दाराची एक फळी ओढली, मग दुसरी ओढली. वर हात नेऊन कडी लावली. मग नसलेल्या भिंतीकडे पाठ करून खाली बसली आणि डोळे मिटले. इतकं निवांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आईने हाक मारली तेव्हा ती उठली, कडी काढली, दोन्ही फळ्या उघडल्या आणि मगच बाहेर आली. मी कळशी घेऊन तशीच उभी होते.

पुढच्या रविवारी दादा दारं मोजत बसले. पुढचं हवं, मागचं हवं. आत्याच्या खोलीचं दार धरलं तर काम आणखी एक वर्ष पुढे जात होतं, आणि घरमालक तर खोल्या सोडा म्हणून मागे लागला होता. दादा बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. शेवटी आत्याच म्हणाली, "भाऊ, माझ्या खोलीला दार नको. आपल्या गावात कुनाच्या घराला दार हाय?"

हे खरंच होतं. दोघं मूळचे शिंगणापूरचे. शनिदेव राखण करतो म्हणून तिथे घरांना दारं नसतात. दादा हसले, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. बिनदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागला नाही. मला मात्र ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले, कारण मलाही घर हवं होतं. याची लाज मला अजून वाटते.

घर झालं. आत्याच्या खोलीला दगडी उंबरा होता आणि वर तेच जुनं लुगडं.

दोन वर्षं पगारातून मागे टाकत मी दाराचे पैसे जमवले. नगरच्या सुताराचा भाव परवडेना, म्हणून शिंगणापूरच्या सुताराला सांगितलं. त्याचा जन्म नांगर आणि बैलगाड्या करण्यात गेला होता, दार पहिलंच. बाभळीचं, गाडीच्या तळाच्या साटीसारखं जाडजूड दार बैलगाडीतून नाक्यावर आलं. मी जकात भरली, आणि आयुष्यात कुठलाच कर मी इतक्या आनंदाने भरलेला नाही.

दार बसवताना घोटाळा कळला. कडी बाहेरच्या बाजूला होती. त्या भल्या माणसाने दारं पाहिली होती ती नगरच्या बाजारात, रस्त्यावरून, बंद असलेली. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. दादा म्हणाले, राहू दे की, अक्काला आतून कडी कशाला लागते?

तेव्हा मी त्यांना आत्याने हवेत कडी लावली होती ती संध्याकाळ सांगितली. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेचकस घेतला, कडी काढली आणि घाम गाळत आतून बसवली.

आत्या आत गेली. एक फळी ओढली, दुसरी ओढली. कडीचा आवाज आला. आम्ही तिघं बाहेर उभे होतो, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. बऱ्याच वेळाने दादा पुढे झाले. बहिणीच्या खोलीत जायला त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. त्यांनी हात उचलला, परत घेतला, मग दोन बोटांनी दार वाजवलं.

"अक्का, येऊ का?"

आतून आत्या म्हणाली, "थांब जरा."

दादा थांबले.