प्रॉम्प्टिंग ऐकू येतंय

ज्या मंडळाचं सगळं सुरळीत चालतं, त्यांच्याकडे सांगायला काही नसतं. आमच्याकडे किस्सेच किस्से आहेत, यावरून काय ते ओळखा!

आमचं म्हणजे पोशीरकडचं हौशी नाट्यमंडळ. भात लावणारे, कंपनीत जाणारे, एक रिक्षावाला आणि लग्नं-बारशी शूट करणारा मी, संतोष. माझ्याकडे डीएसएलआर आहे, म्हणून प्रयोगाचं शूटिंग माझ्या गळ्यात. एका मोठ्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं तर आधी अख्ख्या प्रयोगाचा व्हिडिओ पाठवावा लागतो. त्यावरून निवड होते. आमचे मुख्य नट वसंतकाका अडुसष्ट वर्षांचे. "एकदा त्या मोठ्या स्टेजवर हुबं ऱ्हायचं हाय, मंग खुशाल म्हातारा म्हना," हे त्यांचं पालुपद. म्हणजे त्यांचं स्वप्न माझ्या कॅमेऱ्यावर टांगलेलं. तीन वर्षं मी ते धुळीला मिळवत होतो.

*

माझा कॅमेरा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. न सांगता, न विचारता! पहिल्या प्रयोगात काकांच्या मरणाच्या प्रसंगाला मी डोळे पुसत उभा होतो आणि कॅमेरा दहा मिनिटं आधीच झोपला होता. सगळं मुसळ केरात.

काकांना समजावलं, "लाल दिवा दिसला की रेकॉर्डिंग चालू." हीच चूक झाली. पुढच्या प्रयोगात काका मेले, मुलगा छातीवर पडून रडतोय, आणि मेलेल्या काकांनी एक डोळा उघडला.

"संत्या, लाल दिवा गेला रं!"

हॉल हसून लोटपोट. मी तो व्हिडिओ तिथेच पुसला. खराब झालेलं मी कधी ठेवत नाही. कार्ड मोकळं करायचं आणि पुढच्या प्रयोगाला लागायचं, ही माझी धंद्यातली सवय.

*

मग मी शहाणा झालो. दोन प्रसंगांमध्ये स्टेजवर अंधार होतो, तेवढ्यात बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. जमलं! पण भिवपुरीला ऐन रंगात प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांचा सत्कार आधीच उरकलेला, भगवा फेटा डोक्यावर तसाच. पहिल्या रांगेत बरोब्बर माझ्यासमोर बसले. ऑटोफोकसला तो फेटा इतका आवडला की सोडायलाच तयार नाही. बारा मिनिटं फेट्याची एकेक चुणी स्पष्ट, आणि मागे काका म्हणजे नुसता पांढरा धब्बा.

काकांनी छोट्या स्क्रीनवर बघितलं. "नाटक आमचं व्हतं, का फेट्याचं रं?"

हाही पुसला.

*

शेवटी एक व्हिडिओ पूर्ण झाला, फोकसही नीट. पाठवला. आठवड्यात उत्तर आलं, 'प्रॉम्प्टिंग ऐकू येतंय. विचार करता येणार नाही.'

प्रॉम्प्टर म्हणजे सुमनकाकी, काकांची बायको. तीस वर्षं विंगेत वही घेऊन बसणाऱ्या. काका वाक्य विसरणार आणि काकी ते पुरवणार, हा संसाराचाच नियम. पण काकींची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत पोचणारी! त्यात कॅमेऱ्याला वीज हवी आणि प्लग पॉइंट नेमका विंगेजवळ. त्यामुळे व्हिडिओत प्रत्येक वाक्य आधी काकी म्हणतात, मग काका.

काका भडकले. "जरा हळू बोलशील का गं? सगळ्या नाटकाची वाट लावलीस!"

काकींनी वही मिटली. "तुमी इसरायचं सोडा, मी बोलायचं सोडते!"

तो व्हिडिओही मी पुसला.

*

मग वेगळा रेकॉर्डर आणला. खालापूरला स्टेजच्या मध्यभागी ठेवलेल्या कुंडीत पानांखाली लपवला. कुंडी काकांजवळ, काकी लांब. स्वतःवरच खूश होतो मी. आयोजकांतल्या एका सज्जनांना कुंडीतली माती कोरडी वाटली. पडदा उघडायच्या आधी त्यांनी तांब्याभर पाणी घातलं!

त्या दिवशी काकांनी भिजलेला रेकॉर्डर नुसता कोरडा करून माझ्या हातात दिला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तोही व्हिडिओ पुसला.

*

दिवाळीनंतर काकींना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. मंडळ म्हणालं, दुसरा प्रॉम्प्टर बघू. काका हटूनच बसले. "खुर्ची तिची हाय, तीच बसंल."

पळसदरीच्या शाळेत भर दुपारी प्रयोग होता. काकींना उचलून विंगेत बसवलं, वही मांडीवर दिली. कॅमेरा चालला, फोकस जागेवर, आवाज लख्ख. काका मुलाशी शेवटचं बोलायला लागले आणि मधेच थांबले. विसरले. सवयीने विंगेकडे बघितलं.

मी प्लग पॉइंटपाशी, मला दोघं दिसत होते. काकींचं डावं बोट बरोबर त्या ओळीवर होतं. ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता. काका बघत राहिले, काकी बोलत राहिल्या.

ते वाक्य मला पाठ होतं, काकींच्याच तोंडून ऐकून. पण मी तोंड उघडलं नाही. रेकॉर्डिंग छान चाललं होतं! त्याची लाज मला अजून वाटते.

काका तसेच पुढच्या वाक्यावर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निवड झाली. पत्रात लिहिलं होतं, 'प्रॉम्प्टिंगचा मागमूस नाही. मुलासमोरचा तो पॉझ तर अप्रतिम!' मी धावत जाऊन काकांना वाचून दाखवलं. ते काकींना पेज भरवत होते. वाटी खाली ठेवली, पत्र हातात घेतलं, घडी घालून मला परत दिलं.

"संत्या, ते जुनं खराब व्हिडिओ हायत ना रं तुझ्याकडं? हिचा आवाज मोठ्यानं येतो ते? हिला ऐकवायचं हायत."

काकी माझ्याकडे बघत होत्या.

"बघतो, काका," मी म्हटलं.