उंदरांवरचा आळ

प्रत्येक माणसाच्या आत एक बंद कप्पा असतो, आणि तो उघडल्याशिवाय त्याला शांती मिळत नाही. हे वाक्य मी कितीतरी निरोप समारंभांत म्हटलं आहे. टाळ्या पडतात. माझा कप्पा मात्र मी आजवर कुणापुढे उघडला नाही, बायकोपुढेही नाही. आणि तो आत वगैरे नाही. भिंतीतल्या कपाटात आहे. मधला.

आर्णीत आमच्या दोन खोल्या, आणि दोन्ही मिळून ते एकच कपाट. वर बायकोच्या साड्या, खाली मुलांचे कपडे आणि स्वेटर. मधला कप्पा अर्धा माझा, अर्धा आईचा. वडील गेल्यावर ती तांड्यावरून आमच्याकडे राहायला आली तेव्हा सोबत एक गाठोडं होतं. त्यात तिचा फेटिया आणि कांचळी. फेटिया म्हणजे आमच्या बंजारा बायकांचा घेरदार घागरा. कांचळी म्हणजे आरसे नि कवड्या जडवलेली चोळी. लग्नाआधी दोन वर्षं बसून तिनं ते स्वतः शिवलं होतं. कशीही घडी घाला, गादीएवढं जाड व्हायचं. कपाटाचं दार लागायचं नाही.

ती ते घालत नव्हती. का — सांगू? मी सांगितलं होतं म्हणून. मास्तरची आई, घरी शाळेतले लोक येतात, इथं लुगडं नेसत जा. ती नेसू लागली. तांड्यावर ती माझी याडी होती; आर्णीत मी त्या याडीची 'आई' केली, आणि तीही माझ्याशी वऱ्हाडीत बोलू लागली. फक्त होळीला तांड्यावर जाताना गाठोडं सोडायची.

इकडे माझ्या शाली वाढत होत्या. मी बरा बोलतो, म्हणून बोलावतात. बोलावलं की शाल पांघरतात. शाल-श्रीफळाची टिंगल करणारं माझं भाषण तर लोकांना फार आवडायचं — त्याच्याही शेवटी शालच मिळायची. नारळ संपतो. शालींचं काय करायचं? एका रविवारी बायको माहेरी, आई भाजीबाजारात, आणि मी कपाट आवरायला काढलं. शाली रचल्या, सदरे रचले. जागा पुरेना. गाठोडं बाजूला ठेवलं, तर सगळं बसलं. दारही लागलं. इतकं साधं होतं ते.

फेकलं नाही मी. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. यवतमाळला एका संस्थेनं वारसा दालन काढलं होतं, जुन्या वस्तू मागत होते. तिथं नेऊन दिलं. उद्घाटनाला अर्धा तास बोललो, ज्या वारशाला घरात हातभर जागा देता आली नाही त्या वारशावर. बदल्यात शाल मिळाली. ती मधल्या कप्प्यात नीट मावली.

होळीच्या आदल्या दिवशी आईनं कपाट उघडलं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. खोटं सांगायलाही एकच लागलं. उंदरांनी खाल्लं, चिंध्या झाल्या होत्या, टाकून दिलं.

तिनं मधल्या कप्प्यातली वरची शाल उलटून पाहिली. मग बायकोकडे वळून म्हणाली, "तुह्या मास्तरच्या शालीले काहून नाही लागले उंदीर?" बायकोला हसू आलं. आई म्हणाली, "त्याइलेबी समजते वाट्टे, कोणतं कापड मेहनतीचं हाय."

मीही हसलो. हो, हसलो.

तिला कळलं होतं का? त्या होळीला ती लुगड्यातच गेली आणि परत आली ती कडुलिंबाचा पाला घेऊन. सावलीत वाळवून तिन्ही कप्प्यांत पसरला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी जुना काढायची, नवा घालायची. माझी एकेक शाल झटकून, घडी मोडून पुन्हा घालायची. गुडघे गेले तरी करायची. कळलं असतं तर हे केलं असतं का? की कळलं होतं म्हणूनच केलं? यातलं कोणतं उत्तर बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिनं एकच गोष्ट मागितली. "मले लुगड्यात नोको नेऊ," म्हणाली. मग आठवल्यासारखं, हळूच — "पण आता कुठलं. राहू दे."

यवतमाळ बसनं तासाभरावर. दालन माहीत, किल्ली सांभाळणारा माणूस ओळखीचा. त्यानंतर ती अकरा दिवस होती. अकरा सकाळी मी जायचं ठरवलं. पण आणलं असतं तर सांगावं लागलं असतं — तिला, बायकोला, आणि ज्यांच्यापुढे अर्धा तास बोललो त्यांना. यातलं कशाचं भय जास्त होतं, हे खरं सांगू? शेवटच्याचं.

ती गेली तेव्हा तांड्यावरच्या बायका आल्या. अंघोळ घालून झाली, आणि थोरल्या काकीनं आमच्या बोलीत मला विचारलं, हिचा फेटिया कुठं आहे? आई समोरच निजवलेली होती. मी मराठीत उत्तर दिलं, "उंदरांनी खाल्ला." हिरव्या नायलॉनच्या साडीत आईला नेलं.

मागच्या महिन्यात त्या दालनात जाऊन आलो. फेटिया काचेमागे आहे. चांगला ठेवलाय, आरसा एकही पडलेला नाही. खाली पाटी आहे. देणगीदार म्हणून माझं नाव, पुढे 'सर'. कारागिराच्या नावापुढे 'अज्ञात' छापलंय. फॉर्म मी भरला होता.