तिसऱ्या चढाईचा माणूस

धोंडूमामांना कशाचा वीट येत नाही, असं भांडुपच्या टेकडीवरच्या त्या वस्तीत कुणाला विचारलं तर माणूस जरा थांबेल आणि म्हणेल, कबड्डीचा. तेही अर्धंच खरं आहे. मामांना कबड्डीचा वीट येत नाही, कबड्डीचा बाजार मांडणाऱ्यांचा येतो. टीव्हीवरच्या लीगमधली ती गुलाबी मॅट, चढाईला निघण्याआधी केसांवरून हात फिरवणारे हिरो, कोट घालून बसलेले तज्ज्ञ, हे सगळं बघताना मामांचं तोंड भाकरीत खडा लागल्यासारखं होतं. तरी एक सामना चुकवतील तर शपथ. सामना संपला की "शी" म्हणायचं, चपला घालायच्या आणि मंडळाकडे चालू लागायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

उदयगिरी क्रीडा मंडळाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर एरवी सुविचार असतो, कधी पाणी उशिरा येणार असल्याची सूचना असते, कधी कुणी गेल्याची बातमी असते. लीगचा हंगाम संपला की मात्र फळा मामांचा. मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला उभं राहून त्यांनी नोकरी काढली, पण खडू हातात घेतला की त्यांच्यात हेडमास्तर संचारतो. आपल्या बाजूचा संघ कुठला, तर साष्टी शार्क्स. मामा त्याला मुशी म्हणतात. "शार्क म्हणजे मुशीच ना मेल्यांनू? मग मराठीत म्हणायला लाज कसली वाटते?" या मुशीत काय कमी आहे, कोणाला ठेवावं, कोणाला नारळ द्यावा, लिलावात कोणाला घ्यावं, हे मामा फळ्यावर लिहितात. लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी घेतलेल्या प्रत्येकाला दहापैकी गुण देतात. गुण म्हणजे काय, चपराकच. मागच्या वर्षी संघात चढाईपटूंची खोगीरभरती असताना मालकांनी आणखी एक चढाईपटू आणला, तेव्हा मामांनी लिहिलं होतं: "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पकडायला कोण, मालकांचे सासरे? दोन गुण. तेही घोड्याला." कामावर जाणारी माणसं फळा वाचायला थांबायची आणि हसत रिक्षात बसायची.

यंदा मुशी खालून दुसरी आली. मामांनी नेहमीसारखं नाक मुरडत फळा पुसला आणि दोनच गरजा लिहिल्या. गरज एक: डावा कोपरा. चढाईपटू आत आला की त्याचा मागे राहिलेला घोटा झडप घालून धरणारा बचावपटू संघाकडे नव्हताच, होता त्याला कोपऱ्यात उभं करण्यापेक्षा कुंडी ठेवली असती तरी चाललं असतं. गरज दोन: तिसऱ्या चढाईचा माणूस. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणायचाच, नाहीतर बाद. अशा वेळी पोरंसोरं घाबरतात. तिथे डोकं शांत असलेला, चार पावसाळे जास्त पाहिलेला गडी लागतो. नाव लिहिलं नव्हतं, पण वस्तीत प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

ते नाव धम्मपालचं. धम्मपाल याच वस्तीतला, आईवडील जालन्याकडून आलेले. राज्याच्या संघातून खेळला. एका ऑफिसच्या संघाने त्याला खेळाडू म्हणून घेतलं होतं, त्या ऑफिसने संघच बंद केला, तेव्हापासून तो कांजूरच्या कुरिअर गोदामात खोकी उचलतो. वयाची तिशी उलटलेली. लीगच्या लिलावात नाव आलेलं हे पहिलं वर्ष आणि बहुधा शेवटचं. मामांनी त्याला लहानपणापासून घडवला, आणि कुणाला कधीच चांगलं न म्हणणारा हा माणूस धम्मपालबद्दल एवढंच म्हणायचा की त्याला बघून किळस येत नाही.

मामांच्या सरावात एक रीत आहे, तिला ते पाय देणं म्हणतात. नवा कोपरा तयार करायचा तर त्याच्या हाताला घोट्याची सवय व्हावी लागते. मग संघातला सगळ्यात मोठा चढाईपटू मुद्दाम आत जातो आणि परत फिरताना मागचा पाय क्षणभर जास्त ठेवतो. नवा पोरगा झडप घालतो, घोटा सापडतो, आत्मविश्वास येतो. लहान खेळाडू कधी पाय देत नाही, कारण त्याला लाज वाटते. मोठाच देतो, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असा देतो. धम्मपालसारखा पाय देणारा मामांनी दुसरा पाहिला नव्हता. उन्हाळ्यात तो सौरभला असाच पाय देत होता. सौरभ एकवीस वर्षांचा, उंचापुरा, दिसायला देखणा आणि डाव्या कोपऱ्यात अजून कच्चा. लिलावाच्या यादीत त्याचंही नाव होतं.

एका संध्याकाळी धम्मपालने लागोपाठ तीनदा इतका सुरेख पाय दिला की मामांनाच भरून आलं. त्यांची भाची श्रुतिका मोबाईलवर सराव टिपत होती. मामा तिला म्हणाले, "टाक गं हे इन्स्टावर. बघू दे लोकांना, आमच्याकडे मोठा माणूस लहानाला कसा शिकवतो."

"खाली काय लिहू, मामा?"

"लिहायचं काय त्यात? डोळे आहेत ना लोकांना? भांडुपचा सराव, एवढंच लिही."

श्रुतिकाने तेवढंच लिहिलं. व्हिडिओ पसरला. लाखांनी बघितला म्हणे. मामा आठवडाभर जवळजवळ खूश होते.

लिलाव रविवारी दुपारी होता. मंडळाच्या खोलीत टीव्हीसमोर सतरंजी अंथरलेली, खुर्च्या म्हाताऱ्यांना. उत्साही मंडळींनी गुलाल आणि फटाके आधीच आणून ठेवले होते. कार्य होण्याआधी अक्षता उधळायची ही वस्तीची जुनी खोड, मामांना तिचाही तिटकारा. धम्मपालची आई सुंदराबाई नवी कोरी साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसली होती. धम्मपाल मागे भिंतीला टेकून उभा होता, गोदामाचा निळा शर्ट अंगावर.

आधी बचावपटू निघाले. सौरभचं नाव आलं आणि पडद्यावर मंडळाचं मैदान दिसलं. खोलीत एकच गलका झाला. तोच व्हिडिओ. कोटवाला तज्ज्ञ म्हणाला, "हा पाहा भांडुपचा पोरगा. राज्याचा चढाईपटू धम्मपाल याला एकदा नाही, तीनदा घोट्याला धरून लोळवलंय." व्हिडिओ पुन्हा दाखवला, मग संथ गतीत दाखवला. धम्मपालचा पाय मागे राहतो, सौरभ झडप घालतो, धम्मपाल आडवा. तज्ज्ञ हसला. साष्टी शार्क्सच्या टेबलावरचा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. सौरभ मुशीचा झाला.

गुलाल उडाला. सौरभला खांद्यावर घेतलं, आणि पहिला खांदा धम्मपालचा होता. सगळे नाचत होते, एकटे मामा बसून होते. तीनदा लोळवलंय, हे वाक्य त्यांच्या कानातून निघेना.

मग चढाईपटू आले. धम्मपालचं नाव पुकारलं गेलं तेव्हा नाचणारे सगळे पुन्हा सतरंजीवर बसले. पडद्यावर त्याचा फोटो, वय, राज्याकडून खेळलेले सामने. एका टेबलावरचा माणूस शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटला, दोघांनी मान हलवली. शार्क्सच्या टेबलावर कुणी फायलीतून वर बघितलंसुद्धा नाही. लिलाववाल्या बाईंनी वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, हातोडी आपटली आणि "अनसोल्ड" म्हणाल्या.

"धोंडूभाऊ," सुंदराबाईंनी विचारलं, "अनसोल्ड म्हंजे फुडच्या बारीला का?"

मामांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. धम्मपाल पुढे आला, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल आई, मला शिफ्टला जायचंय."

संध्याकाळी सुबोधचा फोन आला. सुबोध हा शार्क्सचा खेळाडू शोधणारा माणूस, घाटकोपरला राहतो, शिकलेला, बोलायला गोड. कबड्डी त्याने कॉम्प्युटरवर बघितली, पायात माती कधी घेतली नाही. मामांचा फळा त्याला कुणीतरी फोटो काढून पाठवायचं.

"मामा, पोरगा झकास दिलात. तुमच्या फळ्यावरची गरज एक भागली बघा."

"आणि दोन?" मामांनी विचारलं. "धम्मपाल तुमच्या कागदावर नव्हता काय?"

"होता ना. दोन महिने होता. पण खरं सांगू, त्या व्हिडिओने त्याची वाट लागली. थर्ड रेडला ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो एका नवख्या पोराला तीनदा घोटा देतो? सगळ्या टेबलांनी तो व्हिडिओ बघितला होता, मामा. फक्त आम्हीच नाही."

"अरे मेल्या, तो देत होता."

"देत होता म्हणजे?"

मामांनी समजावलं. पाय देणं म्हणजे काय, कोण देतं, कशाला देतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असंही म्हणून झालं. सुबोधने सगळं ऐकून घेतलं.

"मामा, हे आम्हाला कळणार कसं? व्हिडिओ तुमच्याच मंडळाने टाकला. त्याखाली एक ओळ लिहिली असतीत, तर दोन्ही पोरं आत असती."

मामांनी फोन ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन बसले. त्यांना मालकांची किळस आली, कोटवाल्याची आली, सुबोधची आली, आणि मग एकेक जण बाजूला सरत गेला आणि आपलीच तेवढी उरली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. जन्मभर सगळ्यांना आंधळे म्हणालो, आणि सगळ्या जगाला आपले डोळे असतील असं धरून बसलो. बायकोने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

सकाळी फळ्यापाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. आपल्या मंडळाच्या पोराला मामा किती गुण देतात, ही सगळ्यांना उत्सुकता. मामांनी मुशीने घेतलेल्या बाकीच्यांची नावं लिहिली, गुण दिले, शेरे मारले, पण शेऱ्यांत धार नव्हती. सौरभचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे खडू थांबला. खरं लिहावं तर चार. पण चार लिहिले तर पोरगं मुशीच्या सराव शिबिराला जायच्या आधीच मोडेल, आठ लिहिले तर फळाच खोटा. त्यांनी जागा कोरी सोडली, खडू खिशात टाकला आणि कुणाकडे न बघता घरी गेले. लोकांना वाटलं, मामांची तब्येत बिघडली.

संध्याकाळी सरावाला धम्मपाल वेळेवर आला. मामांनी त्याला आंब्याच्या झाडाखाली बाजूला घेतलं आणि सुबोध जे जे म्हणाला ते सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारं एक वाक्यही मध्ये घातलं नाही. "व्हिडिओ मी टाकायला सांगितला. तुझी वाट मी लावली," ते म्हणाले.

धम्मपाल गुडघ्याला पट्टी बांधत होता. "काल टीव्ही मीपण बघत होतो, मामा. तेव्हाच कळलं."

"मग शिव्या घाल ना रे. गप्प का बसतोस?"

"तुम्हाला शिव्या घालून काय होणार?" धम्मपाल म्हणाला. मग पट्टी ओढून घट्ट करत म्हणाला, "रात्रभर घातल्या. आता दमलो."

सौरभ मैदानात उभा होता. कानामागे गुलाल अजून तसाच. धम्मपाल रेषेवर आला, दम भरला आणि आत शिरला. या वेळी त्याने पाय दिला नाही. सौरभची झडप मातीवर पडली. दुसऱ्यांदा तो आला, सौरभच्या खांद्याला हात लावून निघून गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी सौरभच्या हातात माती. हसणारी पोरं हसायची थांबली. काल संथ गतीत दिसलेला खेळ आज खरा कसा असतो, ते सगळ्या मैदानाला कळत होतं, आणि सगळ्यात आधी सौरभला कळलं होतं. तो ढोपर खरचटून बसूनच राहिला.

"दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला हे येतच नाही ना?"

धम्मपालने रेषेवर उभं राहून श्वास सावरला. मामांना वाटलं, आता हा निघून जाईल, आणि गेला तर त्याला अडवायचं तोंड आपल्याला नाही. कडेला श्रुतिका नेहमीच्या सवयीने मोबाईल धरून उभी होती. धम्मपालने तिच्याकडे पाहिलं.

"श्रुतिका, मोबाईल ठेव. सगळ्यांनी ठेवा."

मोबाईल खिशात गेले. "ऊठ," तो सौरभला म्हणाला. "शिबिराला जायच्या आत शिकायचंय. कोपर आत घे, आणि पायाकडे बघू नकोस, कंबरेकडे बघ."

तो पुन्हा आत गेला, कोपऱ्याला हूल दिली, परत फिरला आणि मागचा पाय क्षणभर जास्त ठेवला. सौरभने झडप घातली. घोटा हाताला लागला, आणि ज्याला तिसऱ्या चढाईला कुणी घेतलं नाही तो माणूस मातीत आडवा झाला.

अशा वेळी "कोपर, कोपर" म्हणून ओरडायची मामांची जन्माची सवय. आज ते नुसते खिशातला खडू चाचपत राहिले. धम्मपालने पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, सांगा ना. कोपर बाहेर होतं त्याचं."