पन्नास वाव खोलीची खसखस

तांदूळ निवडण्यात माझा हात धरील अशी बाई चिंचवडात नव्हती, हे मी आजही ठणकावून सांगते. बढाई वाटली तर वाटू दे. त्या एका कसबावर मला समुद्राच्या तळाचं काम मिळालं, आणि समुद्र तर मी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. माहेर निघोजे, सासर चिंचवड. पाणी बघितलं ते इंद्रायणीचं नाहीतर पवनेचं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमचे हे पिंपरीला नव्या कारखान्यात शिफ्टला जायचे. शेजारच्या बंगलीत एक प्रोफेसर राहायचे, दगडमातीचं शास्त्र शिकवणारे. कॉलेजात जागा नव्हती म्हणून त्यांनी घराच्या मागच्या पडवीतच टेबलं मांडली होती. तीन-चार देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तेव्हा एक काम काढलं होतं. किनाऱ्याला लागून पाण्याखाली जी उथळ जमीन असते, समुद्रबूड जमीन म्हणतात तिला, ती गेल्या काही हजार वर्षांत कशी घडली ते शोधायचं. जहाज तळाचा गाळ उपसायचं, कापडी पिशव्यांत भरायचं, पिशवीवर ठिकाण आणि खोली लिहिलेली असायची. काही पिशव्या परदेशी जायच्या, काही आमच्या पडवीत यायच्या. गाळ धुवायचा, वाळवायचा आणि त्यातले मोहरीहून बारीक शिंपले निवडून वेगळे करायचे. कुठले शिंपले उथळ पाण्यातले, कुठले खोल पाण्यातले, हे शास्त्रज्ञांना ठाऊक असायचं. त्यावरून ते त्या जागेची कुंडली मांडत.

कॉलेजची पोरं दोन तासांत डोळे चोळायला लागायची. प्रोफेसरांच्या बायकोनं मला ओट्यावर सूप घेऊन बसलेली पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हिला एकदा बसवून तर बघा." बसले ती बसलेच. समोर काळी पाटी, डोळ्याला भिंग, हातात दोन केसांचा ओला कुंचला. दाण्याला टोक लावायचं, उचलायचं, ठेवायचं. मला ते काम फार आवडायचं. घरात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं, तिथं कुणी मारत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एक पिशवी सोडली. वर लिहिलेलं, पन्नास वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. तसे पन्नास म्हणजे निघोज्यातल्या पाच विहिरी एकीखाली एक धरा. गाळ धुतला, भिंगाखाली घेतला, आणि बघते तर खसखस! गोल, गुळगुळीत, पांढुरके दाणे. आदल्या दिवशी अनारसे केलेले, म्हटलं पदराला चिकटून आली की काय बया! एक दाणा दाताखाली धरला. कचकन दगड लागला.

प्रोफेसरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, हे चुन्याचे दाणे. उथळ, उबदार पाण्यात लाटा त्यांना लोळवतात, थरावर थर चढतो, तेव्हा ते असे गोल होतात. इतक्या खोलवर यांचं काय काम? त्यांनी परदेशी साहेबाला, म्हणजे या कामातल्या त्यांच्या जोडीदाराला, पत्र लिहिलं.

उत्तर आलं ते प्रोफेसरांनी मला मराठीत सांगितलं, कागदावरची नजर न काढता. पन्नास वावांवर लाट पोचतच नाही, तेव्हा तिथं हे दाणे होऊच शकत नाहीत. निवडणाऱ्या बाईनं किनाऱ्याजवळच्या पिशवीतला माल यात मिसळला आहे. तिचं आजवरचं सगळं काम बाद धरावं. बाई बदलावी. पुढल्या महिन्यात मी स्वतः येतो आहे.

"होतं असं कधीकधी, बाई," प्रोफेसर म्हणाले. "नजरचूक."

मला रडू नाही आलं, संताप आला. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि या माणसाला एक शब्द माझ्या बाजूनं बोलता येऊ नये?

"सर, म्या न्हाई मिसळलं," एवढंच म्हणाले आणि घरी आले.

सासूबाई म्हणाल्या, "मातीच ती. मिसळली तर मिसळली. कुनाचं घर बुडालं?"

"माझं बुडालं," मी म्हटलं. गल्लीत कुणी मला आळशी म्हणालं असतं, भांडकुदळ म्हणालं असतं, तर ऐकून घेतलं असतं. त्यातलं दुसरं खरंही होतं. पण माझ्या निवडण्याला नाव?

आमचे हे ओव्हरटाइम करून आले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?"

इथंच तर गोची होती. मला डर होता. कारण माझ्या हातून एक गुन्हा रोज होत होता. प्रोफेसरांचा नियम असा की पिशवी पुरती रिकामी करायची, उलटी करून धुवायची आणि जहाजाकडे परत पाठवायला ठेवायची. आणि मला आईची शिकवण अशी की धान्याचं भांडं पुरतं रिकामं करू नये, तळाशी चिमूटभर ठेवावं, नाहीतर घराची बरकत जाते. गाळ काही धान्य नव्हे, कळत होतं मला! पण हात धजत नव्हता. दोन वर्षं मी एकही पिशवी धुतली नव्हती. चिमूटभर गाळ आत ठेवून तोंड बांधायचं आणि पडवीतल्या खोक्यात टाकायचं. 'जहाजाकडे जातील सावकाश' असं सांगून वेळ मारून न्यायची. आता खोटा आळ पुसायचा तर खरी चोरी कबूल करायला हवी होती.

साहेब आला. उंच, उन्हानं लाल झालेला. पडवीत वाकून शिरला आणि माझ्या पाटीकडे बघून काहीतरी बोलला. ते प्रोफेसरांनी मला सांगितलं नाही, पण सूर कळला. मी खोकं ओढत आणलं आणि त्याच्या पायाशी उपडं केलं.

"सर, सांगा त्यास्नी. म्या पिशव्या धुतल्या न्हाईत. समद्यांत चिमूट चिमूट हाय. पन्नास वावांची ती घ्या आन् स्वतःच्या हातानं सोडा."

प्रोफेसर लाल झाले. "बाई, दोन वर्षं तुम्ही मला..."

"मागनं रागवा. आदी सोडू द्या."

साहेबानं पिशवी सोडली, चिमूट पाण्यात धुतली, भिंगाखाली घेतली. खसखस होती. तो काहीतरी पुटपुटला. प्रोफेसर म्हणाले, "म्हणतात, पिशवीतच मिसळलं असेल."

"कुठनं मिसळंल? किनाऱ्याच्या समद्या पिशव्या हितंच हायेत. त्यांत दाखवा म्हणावं एक तरी दाना!"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? साहेब फरशीवर मांडी घालून बसला आणि एकेक पिशवी सोडत गेला. किनाऱ्याजवळच्या एकीतही दाणा नाही. मग त्याच खेपेत आलेल्या, पत्रानंतर मी सोडल्याच नव्हत्या अशा, पन्नास वावांच्या आसपासच्या काढल्या. दुसरीत खसखस. तिसरीत खसखस! दुपार टळून गेली, चहा थंड झाला, प्रोफेसर नुसते दाराला टेकून उभे.

साहेब उठला तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. भराभरा बोलत होता आणि प्रोफेसर सांगत होते. जगाचं कितीतरी पाणी एके काळी बर्फ होऊन अडकलं होतं, समुद्र मागं हटला होता. आज जिथं पन्नास वाव पाणी आहे, तिथं तेव्हा किनारा होता. लाटा तिथं फुटत होत्या. मग साहेबानं माझ्यापुढं हात जोडले, आणि जुनं पत्र फाडून तिथंच बसून नवं लिहिलं, की या बाईचं सगळं काम खरं धरावं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना भेटेल त्याच्या हातावर साखर ठेवली. सासूबाईंनी तर "आमच्या सुनंनं समिंदराची शीव दाखवली" म्हणून तीन गल्ल्यांत दवंडी पिटली.

पण प्रोफेसर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या पिशव्या पुढ्यात ठेवल्या, बस्स. साहेब परका, त्यानं मला कधी पाहिलंही नव्हतं. प्रोफेसरांनी दोन वर्षं माझा हात पाहिला होता. तेच मला खुपत होतं.

पुढल्या हंगामात जहाज मुद्दाम त्याच जागी गेलं. तळाला लोखंडी जाळी ओढली आणि कातळाचा तुकडा फोडून आणला. तो आमच्या पडवीत आला. अख्खा दगड खसखशीचा, दाण्याला दाणा चिकटून घट्ट झालेला. प्रोफेसरांनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या ओंजळीत ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं. चूक माझी झाली."

"व्हय सर," मी म्हटलं. "झालीच."