दोन्ही हातांनी द्यायची पोथी

वलगावात जयवंताबाईंना न घाबरणारा माणूस सापडणं अवघड, आणि सापडलाच तर तो पाहुणा असतो. दीड एकर झेंडू-शेवंती, पहाटे तोडणी आणि सातच्या आत माल अमरावतीच्या फूलबाजारात. तिथं एखाद्या व्यापाऱ्यानं टोपल्यातलं फूल चुरडून पाहिलं, की बाई शांतपणे विचारतात, "लग्नात नवरीचा गालही असाच दाबून पायला होता का, भाऊ?" व्यापारी मुकाट्यानं टोपली उचलतो.

अशी बाई रोज दुपारी दोन वाजता मारुतीच्या देवळात पोथीला बसते आणि तासभर कुणालाही काही बोलत नाही, हा गावाला मारुतीचाच चमत्कार वाटतो.

पोथी लावली भगवंतराव गुरुजींनी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निघाली नाही, त्यामुळे पोथीलाही नियम आले. ग्रंथ एकच, मोठ्या अक्षरांचा, उशीएवढा जाड. प्रत्येकानं पाच ओव्या वाचायच्या, स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण देऊन अर्थ सांगायचा, मग पोथी दोन्ही हातांनी शेजारच्याच्या दोन्ही हातांत द्यायची. अध्याय संपेपर्यंत ती खाली टेकवायची नाही. समई लागल्यावर जागा बदलायची नाही. आणि पोथी हातात असताना खोटं बोलायचं नाही, हा नियम तर गुरुजींना सांगावाही लागला नव्हता.

बसणारे आठजण. त्यांत पाचव्या जयवंताबाई, सहावी पौर्णिमा आणि सातवी रुख्मिणी, म्हणजे जयवंताबाईंची धाकटी जाऊ. मधली पौर्णिमा हा पूल होता. तो नसता तर पोथी चार महिने पलीकडे गेलीच नसती, कारण दोघी जावांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

कारण लग्नपत्रिकेचं. जयवंताबाईंची लेक प्रतीक्षा अकोल्याला दिली, तेव्हा पत्रिकेत सगळ्या काकांची नावं आली आणि सख्ख्या काकाचं, म्हणजे रुख्मिणीच्या नवऱ्याचं, महादेवरावांचं, तेवढं राहिलं. वऱ्हाडी माणूस एखाद्या वेळी पंगतीत वरणावाचून जेवेल, पत्रिकेत नावावाचून नाही जेवणार. रुख्मिणीनं अक्षता टाकल्या आणि भरल्या पत्रावळीवरून ती उठून गेली. छापखान्यावाल्याची चूक, असं जयवंताबाईंनी सगळ्यांना सांगितलं. त्या बिचाऱ्याला इतक्या ठिकाणी इतक्या वेळा शिव्या घातल्या, की शेवटी त्यांना स्वतःलाही त्याचा राग येऊ लागला.

खरं एवढंच होतं, की त्या आठवड्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघी भांडल्या होत्या, आणि छापखान्यातून तपासायला आलेल्या पत्रिकेच्या कागदावर जयवंताबाईंनी लाल पेनानं महादेवरावांचं नाव खोडलं होतं. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी समई लागल्यावर गुरुजींनी सहज सांगितलं, की पौर्णिमा मुलीच्या बाळंतपणासाठी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेली. जयवंताबाईंनी डावीकडे पाहिलं. रिकाम्या आसनापलीकडे रुख्मिणी सरळ समोर बघत होती. गुरुजींनी ते आसन उचललं आणि तिला जवळ सरकायला सांगितलं. ती सरकली. नुसतं ऐकायला येऊन खांबाला टेकून पेंगणाऱ्या नत्थुजींना मध्ये ओढावं, हा विचार जयवंताबाईंच्या मनात येऊन गेला. पण नत्थुजींना जागं करेपर्यंत अध्याय संपला असता.

पोथी पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेली. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. एरवी चौथ्या बाईंचं उदाहरण लांबलं की जयवंताबाईंना जांभई येई. आज मात्र बाईंनी सुनेचं सगळं सांगावं, सुनेच्या माहेरचंही सांगावं, असं त्यांना वाटत होतं. बाईंनी नेमकं दोन वाक्यांत आटपलं.

पोथी आली. ओव्या होत्या वाणीच्या. मनात एक आणि जिभेवर दुसरं ठेवणारा माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरतो, अशा अर्थाच्या. जयवंताबाईंनी त्या वाचल्या. पाचवी ओवी दोनदा वाचली.

"हं, बाई. उदाहरण," गुरुजी म्हणाले.

जयवंताबाईंकडे एक हुकमी उदाहरण होतं. वर ताजी फुलं आणि खाली शिळी ठेवणारा बाजारातला माणूस. चार महिन्यांत तो त्यांनी दयेच्या, मोहाच्या, भक्तीच्या, सगळ्या ओव्यांना लावला होता. आज तर तो खरोखरच बसत होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि नजर परत पाचव्या ओवीवर गेली. हात भरून आले होते. शेजारच्या मांडीवर रुख्मिणीचे हात एकमेकांत अडकून पडले होते. पोथी घ्यायला ते उठतील की नाही, कुणी सांगावं?

"पत्रिकेत छापखान्यावाल्याची चूक नव्हती," जयवंताबाई पोथीकडे बघत म्हणाल्या. "महादेवभाऊजीचं नाव म्याच खोडलं होतं."

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरले.

"मले माईत हाये," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "त्याच उन्हाळ्यात अमरावतीले गेली होती मी, छापखान्यावाल्याशी भांडाले. त्यानं तुमचा लाल रेघेचा कागद काढून दाखवला."

"मंग नऊ वर्सं काहून नाई बोलली?"

"तुमी कवा बोलता, ते पाहून राहिली होती."

जयवंताबाईंनी पोथी पुढं केली. रुख्मिणीचे हात मांडीवरून हलेनात. फुलांच्या टोपल्या उचलून घट्ट झालेले जयवंताबाईंचे दंड थरथरू लागले. पोथी मागंही घेता येत नव्हती, खाली टेकवताही येत नव्हती. गुरुजी मदतीला अर्धे उठले, आणि नियम आठवून परत बसले.

मग रुख्मिणीनं दोन्ही हात पुढं करून पोथी घेतली. जावेकडे न बघता पदरानं डोळे टिपले आणि पाच ओव्या वाचल्या, भराभरा, एका दमात.

"उदाहरण?" गुरुजींनी अगदी हळू विचारलं.

"उद्या सांगीन, गुर्जी. आज जमत नाई."

असं पुढं ढकलणं नियमात बसत नव्हतं. तरी गुरुजींनी मान डोलावली आणि पोथी आठव्या हातात गेली. जयवंताबाई दुखरे दंड चोळत होत्या. रुख्मिणी परत दूर सरकली नव्हती. आसनाला आसन लागलं होतं, तसंच होतं.